हरकतीचा हक्क आणि पुढाकाराचा हक्क

(पुण्याच्या पेठांच्या पुनर्विकासावरील व्याख्यानाचा मजकूर)



महात्मा जोतीराव फुले हे १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहराच्या मध्यवस्तीत बाजारासाठी एक भव्य वास्तू उभारण्याचा विचार त्या काळात पुढे आला, तेव्हा त्यांनी त्यास विरोध केला. इमारतीवर होणारा खर्च गोरगरिबांच्या शिक्षणावर व्हावा, अशी त्यांची भूमिका होती. ती मानली गेली नाही. १८८६ मध्ये इमारत पुरी झाली, तिला गव्हर्नर रे यांचे नाव मिळाले, आणि अर्धशतकानंतर तीच इमारत महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाऊ लागली. नाव देणे सोपे असते. शहराच्या मध्यभागी काय बांधावे, कोणाच्या पैशाने बांधावे आणि हे कोणी ठरवावे, हा त्या विरोधामागचा प्रश्न मात्र आजही अनुत्तरितच आहे.

त्या मंडईच्या पोटातून आता मेट्रो धावते. कसबा पेठ आणि मंडई या स्थानकांसह स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. ज्या बोळात रिक्षा कशीबशी वळते, त्या बोळातील जमिनीकडेही साहजिकच नव्या नजरेने पाहिले जाऊ लागले आहे. जुना वाडा पाडून त्या जागी बहुमजली इमारत उभी करणे हा पेठांमधील सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार होऊन बसला आहे.

जुने वाडे आहेत तसेच राहावेत, असे म्हणण्यात अर्थ नाही. तुळयांना वाळवी लागलेली, भिंतींना पोट आलेले, दहा बिऱ्हाडांना मिळून एक संडास. अशा घरात राहणाऱ्यांना वाड्याच्या वास्तुसौंदर्यावर प्रवचने ऐकवणे हा क्रूरपणा होय. पुनर्विकास व्हावाच लागेल. वाद आहे तो त्यातील रहिवाशाच्या स्थानाविषयी. आजच्या व्यवस्थेने त्याला हरकत घेण्याचा हक्क दिला आहे. पुढाकार घेण्याचा हक्क दिलेला नाही. या दोन हक्कांत जे अंतर आहे, त्याच अंतरात पेठांमधील हजारो सामान्य कुटुंबांचे भवितव्य अडकून पडले आहे.

वाडा मोडकळीस कसा येतो

वाडा केवळ वयामुळे पडत नाही. त्याच्या पडण्यामागे एक अर्थकारण आहे. युद्धकाळातील टंचाईनंतर १९४७ मध्ये मुंबई राज्याने भाडेनियंत्रणाचा कायदा केला आणि १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हे प्रमाण मानले. त्या काळाच्या परिस्थितीत हा कायदा न्याय्य होता. त्याने लाखो भाडेकरूंना रस्त्यावर येण्यापासून वाचविले. तथापि तात्पुरती म्हणून केलेली व्यवस्था अर्धशतक टिकली. भाडी गोठलेली राहिली, चुना, लाकूड आणि मजुरी यांचे दर वाढत गेले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक अवाजवी झाल्याचे म्हटले. त्यानंतर आलेला १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि दरसाल चार टक्के वाढीस मुभा मिळाली. पण महिना पन्नास रुपये भाड्यावर चार टक्के म्हणजे दोन रुपये. दोन रुपयांत कौलांची दुरुस्ती होत नाही.

परिणाम उघड आहे. घरमालकाला दुरुस्ती परवडत नाही, आणि पुढेपुढे ती करण्याची इच्छाही उरत नाही. कारण वाडा जितक्या लवकर पडेल तितक्या लवकर जमीन मोकळी होते. घर आपले नाही म्हणून भाडेकरूही त्यात पैसा घालीत नाही. दोघांच्या निष्क्रियतेतून पावसाळा आपले काम करतो. मग महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते, बिऱ्हाडे हलतात आणि एका रात्रीत प्रश्न सुटल्यासारखा दिसतो. यात प्रत्येक घरमालकाला खलनायक ठरविण्याचे कारण नाही. स्वतः वाड्याच्या एका कोपऱ्यात राहणारे, निवृत्तिवेतनावर दिवस काढणारे मालकही पेठांत आहेत. दोष व्यक्तींपेक्षा व्यवस्थेचा अधिक आहे.

मुंबईत हाच प्रश्न अधिक तीव्र होता. तेथे १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींवर उपकर बसविण्यात आला आणि दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले. त्या मंडळाच्या कारभाराविषयी तक्रारी पुष्कळ आहेत. परंतु जुन्या घराची दुरुस्ती ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हे तत्त्व तरी तेथे मान्य झाले. पुण्याच्या वाड्यांना असे मंडळ कधीच लाभले नाही. येथे दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकावर राहिली आणि व्यवहारात कोणावरच राहिली नाही.

हरकतींचा ढीग

आता लोकसहभागाच्या रूढ मार्गाकडे पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम हा १९६६ चा. त्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, ठरावीक मुदतीत नागरिकांनी हरकती व सूचना द्यायच्या, नियोजन समितीने त्या ऐकून घ्यायच्या. पुण्याच्या जुन्या हद्दीचा सुधारित मसुदा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ऐंशी हजारांहून अधिक हरकती दाखल झाल्या. जागृत शहराचे हे लक्षण म्हणून त्याचे कौतुक झाले. पण साधे गणित करून पाहावे. रोज आठ तास बसून प्रत्येक हरकतीस पाच मिनिटे दिली, तरी ऐंशी हजारांसाठी आठशेहून अधिक दिवस लागतील. म्हणजे ऐकून घेणे हा विधी होतो. आणि हा विधी पार पडल्यावरही निर्णय शहराच्या हाती राहिला नाही. मार्च २०१५ मध्ये राज्य शासनाने तो आराखडा महापालिकेकडून आपल्याकडे घेतला, अधिकाऱ्यांची समिती नेमली आणि जानेवारी २०१७ मध्ये त्यास मंजुरी दिली. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ज्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजनाचा विषय पहिल्या क्रमांकावर लिहिला, तिचे मोल व्यवहारात किती आहे, हे त्या दोन वर्षांत दिसून आले.

हरकत ही नेहमी दुसऱ्याने काढलेल्या रेषेवर घ्यावी लागते. रेषा कोठे काढायची हे ठरते त्या खोलीत रहिवासी नसतो. शिवाय हरकत घेण्यासाठी नकाशा वाचता यावा लागतो, सर्व्हे नंबर ठाऊक असावा लागतो, कामाच्या दिवशी सुनावणीस जाता यावे लागते. मंडईत पहाटे हातगाडी लावणारी स्त्री आणि वकील नेमू शकणारा जमीनमालक हे दोघे कागदावर समान हरकतदार असतात. प्रत्यक्षात नसतात.

यावर उपाय म्हणून महापालिका कायद्यात २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद करण्यात आली. ग्रामसभेप्रमाणे शहरातील मतदारांनी आपल्या भागाच्या कामांविषयी एकत्र बसून विचार करावा, ही तिची कल्पना. ती कायद्याच्या पुस्तकातच राहिली. उलट प्रभाग मोठे होत गेले. २०१२ मध्ये दोन सदस्यांचा आणि २०१७ मध्ये चार सदस्यांचा प्रभाग झाला आणि आपला नगरसेवक नेमका कोण, हे मतदाराला समजेनासे झाले. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचे राज्य होते. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याचा चांगला प्रघात आहे. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगाचे ते दूरचे नाते. पण त्याची मजल पदपथ, दिवे आणि बाके यांपलीकडे सहसा गेली नाही. बाक कोठे ठेवावे हे रहिवाशाने सुचवावे आणि बाकामागच्या भूखंडाचे काय करावे हे अन्य कोणी ठरवावे, अशी ही कामाची वाटणी आहे.

पुढाकार कोणाचा?

कायदा पुढाकाराचा हक्क कोणालाच देत नाही, असे नाही. सहकारी गृहरचना संस्थेचे सभासद आपल्या इमारतीचा पुनर्विकास स्वतः ठरवू शकतात. त्यासाठी शासनाने ३ जानेवारी २००९ रोजी कार्यपद्धती घालून दिली, तीत तीनचतुर्थांश सभासदांची संमती आवश्यक होती. ४ जुलै २०१९ च्या निर्णयाने ती एकावन्न टक्क्यांवर आणली. सर्वसाधारण सभा, वास्तुविशारदाची नेमणूक, निविदा असे सारे टप्पे त्यात आहेत. मुंबईच्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडा कायद्यात दुरुस्ती होऊन २०२२ मध्ये तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. धोकादायक इमारतीच्या मालकाने सहा महिन्यांत प्रस्ताव दिला नाही, तर भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला सहा महिन्यांची संधी, आणि तेही न घडल्यास मंडळाने काम हाती घ्यायचे, असा हा क्रम आहे. तिच्या वापरावरून न्यायालयांत वाद झाले असले तरी तिच्यातील तत्त्व महत्त्वाचे आहे. मालक स्वस्थ बसला तर राहणाऱ्याला पुढे होण्याचा अधिकार मिळतो.

पुण्याच्या पेठेतील भाडेकरू या दोन्ही व्यवस्थांच्या बाहेर आहे. तो मालक नाही म्हणून पहिली लागू नाही. तो मुंबईत नाही म्हणून दुसरी लागू नाही. त्याला संरक्षण मुळीच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. नव्या इमारतीत त्याला सामावून घ्यावे असे कायदा म्हणतो. बांधकाम नियमावली त्याच्यासाठी चटईक्षेत्र मोजते आणि त्यापोटी बांधणाऱ्याला वाढीव क्षेत्रही देते. इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. पण हे सर्व हक्क मालकाने आणि बिल्डरने पहिले पाऊल टाकल्यानंतरचे आहेत. त्यांनी ते टाकलेच नाही तर भाडेकरूने काय करावे, याचे उत्तर कायद्यात नाही. आणि टाकले तर वाटाघाटीस तो बहुधा एकेकटा बसतो. एकाला आगाऊ रक्कम, दुसऱ्याला वरच्या मजल्याचे आश्वासन, तिसऱ्याला न्यायालयाची भीती. जो हक्क बजावण्यासाठी दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात, तो सत्तरीच्या भाडेकरूच्या दृष्टीने असून नसल्यासारखाच.

रहिवाशांनी पुढाकार घेतला तरी तो टिकू दिला जातो का, हेही पाहिले पाहिजे. लोकमान्यनगर ही १९६० च्या दशकातील म्हाडाची वसाहत. तेथील काही संस्थांनी स्वतंत्रपणे पुनर्विकासाची तयारी चालविली होती. २०२५ मध्ये संपूर्ण वसाहतीचा एकत्रित विकास व्हावा या भूमिकेतून त्या कामांना शासनाकडून स्थगिती मिळाली आणि रहिवाशांना आंदोलन करावे लागले. एकत्रित योजनेचे फायदे असतात. रस्ते, मैदाने, सांडपाणी यांचा विचार इमारतीगणिक होत नाही. परंतु ही गोष्ट रहिवाशांना पटवून देऊन करायची की त्यांचे काम अडवून, यावर त्या योजनेचे लोकशाही स्वरूप ठरते.

ज्यांच्याकडे सभासदत्वाचा दाखलाही नाही, त्यांची स्थिती याहून बिकट. २५ सप्टेंबर २०१९ च्या पुरात आंबिल ओढ्याने हाहाकार केला. ओढ्याला वाट हवी, यात शंका नव्हती. पण २४ जून २०२१ रोजी, ऐन पावसाळ्यात आणि साथीच्या काळात, दांडेकर पुलाजवळील वस्तीत पोलीस बंदोबस्तात घरे पाडण्यात आली आणि त्याच दिवशी न्यायालयाने कारवाईला स्थगिती दिली. जी बोलणी बुलडोझर येण्यापूर्वी व्हायला हवी होती, ती न्यायालयाच्या पायरीवर झाली.

चौरस फुटांत न मावणारे

पुनर्विकासाचा हिशेब चौरस फुटांत होतो. कसबा पेठेतील तांबट आळीत घर आणि कारखाना एकाच छताखाली असतात. तांब्याच्या भांड्यावर हातोडी बसते ती तळमजल्यावरच. त्या कारागिराला पाचव्या मजल्यावर तितकेच चटईक्षेत्र दिले, तर नियमाचे पालन होते आणि धंदा मात्र बुडतो. बुरूड आळीत बांबू टेकवायला भिंत आणि चिरायला अंगण लागते. हे तपशील विकास आराखड्यात सापडत नाहीत, कारण ते रहिवाशालाच ठाऊक असतात आणि त्याला कोणी वेळेवर विचारलेले नसते. नवे घर मिळाल्यावरही संकट संपत नाही. उद्वाहक, पंप, रखवालदार आणि वाढीव मिळकतकर यांचा मासिक बोजा पन्नास रुपये भाडे देणाऱ्या कुटुंबाला पेलत नाही. काही वर्षांत ते घर विकून शहराबाहेर जाते. कागदावर पुनर्वसन पूर्ण झालेले असते आणि पेठेतून माणूस गेलेला असतो.

येथे अर्थशास्त्राचा एक जुना सिद्धान्त आठवावा लागतो. हेन्री जॉर्ज यांनी १८७९ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, जमिनीचे वाढते मोल हे मालकाच्या श्रमाचे फळ नसते. समाजाच्या वाढीमुळे ते निर्माण होते. पेठेतील जमिनीला भाव आला तो सार्वजनिक पैशाने झालेल्या मेट्रोमुळे, रस्त्यांमुळे आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहून बाजार, शाळा, उत्सव जिवंत ठेवणाऱ्या माणसांमुळे. वाढीव चटईक्षेत्र तर शासनाच्या लेखणीच्या एका फटकाऱ्याने जन्माला येते. समाजाने निर्माण केलेल्या या मूल्याची वाटणी मालक आणि बिल्डर या दोघांतच व्हावी, हे कोणत्या न्यायाने? मुंबईच्या गिरणगावाने याचा कटू अनुभव घेतला आहे. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागांसाठी आणि सार्वजनिक घरांसाठी ठेवला होता. २००१ मध्ये नियमाच्या शब्दरचनेत बदल झाला, वाटा फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला आणि कामगारांच्या हाती आले ते अत्यल्प. नियम बदलला तेव्हा कामगार त्या खोलीत नव्हता.

विलंबाचा आक्षेप

लोकांना विचारत बसलो तर कामे रखडतात, वाडे पडून माणसे मरतील, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो गांभीर्याने घ्यावा असा आहे, कारण धोका खरा आहे. परंतु पेठांमधील कामे आजवर कशामुळे रखडली? मालक-भाडेकरू दावे, वारसांचे वाद, स्थगिती आदेश, अर्ध्यावर सोडून गेलेले बिल्डर यांमुळे. हे वाद आधी न बोलल्याचे परिणाम आहेत. पुण्याच्याच इतिहासात उलट उदाहरण सापडते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील वाडे वाहून गेले. त्या आपत्तीनंतर शासनाने जमीन आणि साहाय्य दिले व पूरग्रस्तांनी शंभराहून अधिक सहकारी गृहरचना संस्था स्थापन करून आपली घरे उभी केली. त्यातही अन्याय राहिला; ज्यांच्याजवळ हप्ता भरण्याची ऐपत नव्हती त्यांच्या वाट्यास पत्र्याच्या निसेन हट आल्या. तरीही संकटात सापडलेला सामान्य माणूस संघटित झाला आणि शासन त्याच्या पाठीशी उभे राहिले तर वसाहती उभ्या राहतात, हे त्या काळाने सिद्ध केले. १९६१ मध्ये जे पूरग्रस्तांना जमले, ते आज वाडाग्रस्तांना का जमू नये?

काय केले पाहिजे

पहिली गोष्ट पाहणीची. पॅट्रिक गेडीस १९१५ च्या सुमारास मुंबई इलाख्यातील गावांची पाहणी करीत हिंडले, तेव्हा शस्त्रक्रियेआधी निदान करा, असा त्यांचा आग्रह होता. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे पुण्याच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे दोन खंड १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. ही परंपरा या शहराची आहे. प्रत्येक पेठेत कोण राहतो, कोणत्या नात्याने राहतो, काय धंदा करतो, किती भरू शकतो, याची नोंदवही योजनेपूर्वी तयार व्हावी आणि ती पेठेतच वाचून दाखविली जावी.

दुसरी गोष्ट कायद्याची. मुंबईतील उपकरप्राप्त इमारतींच्या भाडेकरूंना मिळालेला पुढाकाराचा हक्क, मालकाच्या न्याय्य मोबदल्याची तरतूद करून, पुण्यासह इतर शहरांतील जुन्या भाडेव्याप्त इमारतींना लागू करावा. तोपर्यंत राहत्या घरांच्या टेकूसाठी आणि दुरुस्तीसाठी महापालिकेने निधी उभारावा. तिसरी गोष्ट, क्षेत्रसभांची तरतूद अमलात आणावी आणि पेठेतील कोणतीही समूहविकास योजना प्रथम तेथे मांडावी; सूचना नाकारली तर तिचे कारण मराठीत, लेखी द्यावे. पथविक्रेत्यांसाठीच्या २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना किमान चाळीस टक्के जागा दिल्या. पदपथावर बसणाऱ्याला जो मान कायद्याने दिला, तो घरात राहणाऱ्याला नाकारण्याचे कारण दिसत नाही. चौथी गोष्ट, वाढीव चटईक्षेत्रापोटी मिळणाऱ्या अधिमूल्याचा निश्चित वाटा त्याच पेठेत राहावा आणि त्यातून गरीब कुटुंबांच्या देखभाल खर्चासाठी कायम निधी व्हावा.

यांपैकी काहीही केवळ निवेदने देऊन मिळणार नाही. पुढाकाराचा हक्क मागणाऱ्याने पुढाकार घेऊन दाखवावा लागतो. पाहणीसाठी शासकीय आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या पेठेत गणेशोत्सवाची वर्गणी घरोघर जाऊन गोळा होते, जेथे मंडळाच्या कार्यकर्त्याला प्रत्येक जिन्यावरचे बिऱ्हाड नावाने ठाऊक असते, तेथे रहिवाशांची नोंदवही तयार होऊ शकत नाही, असे कोण म्हणेल? वाड्यावाड्यांतील भाडेकरूंनी बिल्डर दारात येण्यापूर्वी एकत्र बसावे, आपली संस्था स्थापावी, मालकाशी एकत्रच बोलावे आणि एकाने परस्पर सही करू नये. समाजवादी कार्यकर्त्यांनी त्यांना नकाशा वाचायला आणि करार समजून घ्यायला मदत करावी. हे काम मोर्चाइतके डोळ्यांत भरणारे नाही. पण येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक पेठेत निदान दहा वाड्यांची नोंद जरी पुरी झाली, तरी पुढच्या नोटिशीला तोंड देणारा भाडेकरू एकटा असणार नाही.